शंभर रुपयांची पुडी आणि साठ वर्षांची कैद

भारतातून पाहुणे आले की त्यांना काय काय दाखवायचं, याची आम्हा मॉरिशसमधल्या मराठी मंडळींची यादी ठरलेली असते. गंगा तलाव, शामारेलची सातरंगी माती, ल मॉर्नचा डोंगर, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. गणपतीत आले तर समुद्रावरचं विसर्जन. गणेश चतुर्थीला इथं सगळ्या देशाला सुट्टी असते म्हटल्यावर पुण्याच्या पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. या यादीत नसलेली एक गोष्ट मात्र रोज सकाळी, शाळेच्या बस सुटण्याआधी, अगदी उघड्यावर चाललेली असते. काही पोलीस ठाण्यांच्या आवारात माणसांची रांग लागते. आरोग्य खात्याचे कर्मचारी नाव तपासतात, एकेकाला छोट्याशा पेल्यातून औषध देतात, ते समोरच पिऊन दाखवायचं आणि निघायचं. रांगेत कोणी गवंडी असतो, कोणी ट्रकचालक, एखादा साठीचा आजोबासुद्धा. औषधाचं नाव मेथाडोन. हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांना ते सरकार मोफत देतं.

मी इथं नवीन होते तेव्हा मला ती पाणी किंवा रेशनची रांग वाटली होती. घरच्या कामवाल्या बाईंनी हसून खरं काय ते सांगितलं. त्यांचा भाचाही त्या रांगेत असायचा.

हा विषय दिवाळी अंकात कशाला, असं कोणी म्हणेल. फराळाबरोबर वाचायची ही गोष्ट नाही हे मान्य. पण आपल्या मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला की दोनच प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे, ‘भर चौकात फाशी द्यायला पाहिजे’, आणि दुसरी, ‘ते सगळं त्यांच्या वस्तीत चालतं, आपल्यात नाही’. या दोन्हींबद्दल मला काही म्हणायचं आहे. आणि या छोट्याशा देशाने फाशीचा प्रयोग खरोखरच करून पाहिलेला आहे, हे आपल्यातल्या कित्येकांना ठाऊकही नाही.

आधी बेटाचा आकार डोळ्यांसमोर आणा. लांबी साधारण पासष्ट किलोमीटर, रुंदी पंचेचाळीस. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. एक विमानतळ, एक मोठं बंदर, सबंध देशाला एकच पोलीस दल. पकडणारा हवालदार आणि पकडला जाणारा मुलगा एकाच शाळेत शिकलेले असू शकतात. वकिलाची मावशी आरोपीच्या आत्याच्या शेजारी राहते. सकाळी कोणाला अटक झाली की दुपारच्या आत रेडिओवर नाव, वय, गाव सगळं येतं, आणि संध्याकाळी भाजीबाजारात त्याच्या आईशी बोलायचं की नाही हे लोकांनी ठरवलेलं असतं.

बेटाचा भावावरही परिणाम होतो. चहूबाजूंनी समुद्र, माल आणायचा तर जहाजातून, विमानातून, टपालातून किंवा शेजारच्या रियुनियनहून वेगवान बोटीतून. रियुनियन सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. तिथला गांजा (त्याला ते ‘झामाल’ म्हणतात) इथं पोचेपर्यंत कित्येक पटींनी महाग होतो. पोलिसांची पकड जितकी घट्ट, तितका भाव चढा, आणि भाव जितका चढा तितका आणणाऱ्याचा मोह मोठा. न्यायालयात पकडलेल्या मालाची ‘रस्त्यावरची किंमत’ सांगितली जाते, तो अंदाजही पोलीस अधिकाऱ्याचाच असतो. म्हणजे बेटावरच्या महागाईमुळे गुन्हासुद्धा कागदावर मोठा दिसतो.

गांजा इथं आला आपल्याच लोकांबरोबर. १८३४ पासून गिरमिट मजूर येऊ लागले, त्यांत बिहारी होते, तमिळ-तेलुगू होते, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे आपलेही होते. क्रिओल भाषेतला ‘गांदिया’ हा शब्द म्हणजे आपला गांजाच. उसाच्या मळ्यात दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी चिलीम ओढली, तर त्याचं कोणाला फारसं वाटत नसावं. खरं संकट आलं ते १९८० च्या दशकात, ब्राऊन शुगरच्या रूपाने. आणि इथं आपल्याला मान खाली घालावी लागते, कारण त्या मालाचा एक रस्ता मुंबईवरून येत होता. मॉरिशसचे लोक साड्या, दागिने, भांडी आणायला मुंबईला जात, आणि त्याच सामानात कोणी कोणी आणखीही काही आणत.

३१ डिसेंबर १९८५ ला ॲम्स्टरडॅमच्या विमानतळावर मॉरिशसच्या सत्ताधारी पक्षाचे चार खासदार पकडले गेले. सामानात सुमारे वीस किलो हेरॉइन निघालं. इथले जुने लोक त्या प्रकरणाला आजही ‘ॲम्स्टरडॅम बॉईज’ म्हणतात. लहान देशाला अशी नाचक्की फार लागते. अनिरुद्ध जगन्नाथ तेव्हा पंतप्रधान होते. सर मॉरिस रॉल्ट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला, आणि १९८६ मध्ये अमली पदार्थांचा नवा कायदा आला. परदेशातून माल आणणारा ‘ट्रॅफिकर’ ठरला, तर शिक्षा एकच, फाशी. न्यायाधीशाला दुसरी शिक्षा देण्याची मुभाच नव्हती. आणि असा खटला ज्युरीशिवाय, एकट्या न्यायाधीशापुढे चाले.

फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. पण या कायद्याखाली प्रत्यक्षात कोणीही फासावर चढलं नाही. मॉरिशसमधली शेवटची फाशी १९८७ ची आहे, ती खुनासाठी. १९९२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (मॉरिशस प्रजासत्ताक झालं तरी अंतिम अपील आजही तिथंच जातं) त्या तरतुदीला हात घातला. मुद्दा मोठा मार्मिक होता. एकच गुन्हा सर्वोच्च न्यायालयात चालवला तर फाशी अटळ, खालच्या न्यायालयात चालवला तर कैद. कुठं चालवायचा हे ठरवणार सरकारी अभियोक्ता. म्हणजे कोण जगेल आणि कोण मरेल हे न्यायाधीशाऐवजी सरकारी वकीलच ठरवत होता. राज्यघटनेत न्यायालयाचं काम न्यायालयाचं आणि सरकारचं काम सरकारचं, तेव्हा हे चालणार नाही, असा निकाल आला. १९९५ मध्ये मॉरिशसने फाशीची शिक्षाच बंद केली.

मी एमए करत असताना आम्हाला राज्यघटना हा विषय कंटाळवाणा वाटायचा. इथले हे निकाल वाचले आणि वाटलं, असे शिकवले असते तर कोणी पेंगलं नसतं. आपल्याकडेही १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात काही गुन्हे दुसऱ्यांदा केल्यास सक्तीच्या फाशीची तरतूद होती. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातली सक्ती काढून टाकली. फाशी द्यायची की नाही हे न्यायाधीशाने ठरवावं, असं सांगितलं. मुंबई आणि पोर्ट लुई यांच्यात एकेकाळी मालाची ये-जा होती, तशी विचारांचीही थोडी असती तर किती बरं झालं असतं.

फाशी गेली तरी कडकपणा गेला नाही. आजचा कायदा २००० सालचा आहे. ‘ट्रॅफिकर’ ठरलेल्याला वीस लाख रुपयांपर्यंत दंड आणि साठ वर्षांपर्यंत सक्तमजुरी. साठ वर्षं! आणि दुसऱ्या टोकाला, स्वतःसाठी थोडंसं बाळगलं तरी पन्नास हजारांपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. भारतातल्या कायद्यात वजनाची पायरी असते. गांजा एक किलोच्या आत असेल तर ते ‘अल्प प्रमाण’, त्याची शिक्षा वेगळी. इथं खरा प्रश्न असतो तो माणूस कोण आहे हा. ओढणारा, विकणारा की ‘ट्रॅफिकर’? हे लेबल लागतं की नाही, यावर आयुष्याची वर्षं ठरतात.

जामिनाची कथाही अशीच. १९९४ मध्ये राज्यघटनेतच दुरुस्ती करून अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांत जामीन बंद करण्यात आला. न्यायालयाने विचारच करायचा नाही, आरोपी आत म्हणजे आत. २००६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तेही रद्द ठरवलं. मॉरिशस हे लोकशाही राज्य आहे, असं घटनेचं पहिलंच कलम म्हणतं, आणि ते कलम बदलायला सार्वमत लागतं. माणसाला खटल्याआधी डांबून ठेवायचं की नाही हा निर्णय न्यायालयाकडून काढून घेणं लोकशाहीत बसत नाही, असं त्यांनी म्हटलं. पुढं २००८ मध्ये, खटल्याआधी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा व्हायला हवेत, हेही सांगितलं. आणि २०१० मध्ये, थोड्याशा गांजासाठी कायद्याने ठरवलेली किमान तीन वर्षांची सक्तमजुरी त्या माणसाच्या बाबतीत अवाजवी आहे, असाही निकाल दिला. एखाद्या बेटाचे कायदे असे पुनःपुन्हा नऊ-दहा हजार किलोमीटरवरून दुरुस्त व्हावेत, याची काही लोकांना लाज वाटते. मला तर तो मोठा आधार वाटतो. सगळे सगळ्यांना ओळखतात तिथं एक तरी न्यायालय कोणालाच न ओळखणारं असावं.

आता ‘त्यांच्या वस्तीत’ या शब्दांकडे येते. फेब्रुवारी १९९९ मध्ये रोझ हिलला एक मैफल झाली. गांजा ओढणं हा गुन्हा नसावा अशी मागणी करणारी. तिथं काया गायला. खरं नाव जोसेफ रेजिनाल्ड तोपीझ, रॉश ब्वाच्या गरीब वस्तीतला, सेगा आणि रेगे मिसळून ‘सेगे’ नावाचं संगीत उभं करणारा. मैफलीत गांजा ओढल्याबद्दल त्याला अटक झाली. २१ फेब्रुवारीला पोर्ट लुईच्या पोलीस मुख्यालयातल्या कोठडीत तो मेलेला सापडला. डोक्याला मार लागला होता. देश पेटला. पोलीस ठाणी जळली, दुकानं लुटली गेली, पोलिसांच्या गोळीबारात आणखी एक गायक मेला. पाहता पाहता पोलीस विरुद्ध वस्ती या भांडणाला क्रिओल विरुद्ध हिंदू असा रंग चढू लागला. राष्ट्राध्यक्ष कासम उतीम स्वतः रस्त्यावर उतरून लोकांना शांत करत होते. कायाच्या मृत्यूसाठी आजवर एकाही पोलिसाला शिक्षा झालेली नाही.

आपली जुनी मराठी कुटुंबं ते दिवस आठवून अजूनही आवाज खाली आणतात. आमच्या ओळखीतल्या एका आजी सांगत होत्या की तीन रात्री दाराला कपाट लावून झोपलो. त्यांना भीती क्रिओल शेजाऱ्यांची वाटत होती, आणि त्या क्रिओल शेजारणीला भीती पोलिसांची. चौथ्या दिवशी त्याच शेजारणीने कुंपणावरून पाव दिला म्हणे. एका सिगारेटीएवढ्या गांजावरून सुरू झालेलं हे सगळं.

त्या काळात खरा धंदा मात्र हेरॉइनचा चालला होता, आणि सुईतून एचआयव्ही पसरत होता. २००५ च्या सुमाराला नव्याने सापडणाऱ्या एचआयव्ही रुग्णांत दहापैकी नऊ जण सुईने नशा करणारे होते. तेव्हा सरकारने धाडस केलं, असंच मी म्हणेन. २००६ मध्ये कायदा करून नव्या सुया वाटायला सुरुवात झाली, मेथाडोनचा कार्यक्रम सुरू झाला. नवीन संसर्ग भराभर खाली आले. मग २०१५ मध्ये मेथाडोनवर नवे रुग्ण घेणं बंद केलं आणि दोनेक वर्षांनी पुन्हा सुरू केलं. सरकार बदललं की औषध बदलतं, असं त्या रांगेतले लोक म्हणतात ते उगाच नाही. आणि औषध पोलीस ठाण्याच्या आवारात का? दवाखान्यात का नाही? कारण दवाखान्याच्या शेजाऱ्यांना ती रांग नको असते.

गेल्या दहा-बारा वर्षांत आणखी एक संकट आलंय. सिमिक, म्हणजे ‘केमिकल’. परदेशातून टपालाच्या पाकिटात रसायनाची भुकटी येते, इथं ती कोणत्याही पाल्यावर फवारतात, कधी म्हणे चहाच्या पत्तीवरसुद्धा. शंभर-दोनशे रुपयांत पुडी. गांजा महाग आणि त्याचा वास लांबवर पसरणारा. हे स्वस्त, लपवायला सोपं, आणि आत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. बस थांब्यावर उभ्या उभ्या थिजलेली मुलं मी पाहिली आहेत. मान एका बाजूला, डोळे उघडे, गुडघे अर्धे वाकलेले. शाळेचा गणवेश अंगावर. माझ्यातल्या शिक्षिकेला ते बघवत नाही. गांजावर सगळा जोर लावल्यामुळे तो महागला आणि पोरं त्याहून भयंकर गोष्टीकडे वळली, असं इथले अनेक जण म्हणतात. मलाही ते पटतं.

मार्च २०१७ मध्ये पोर्ट लुई बंदरात दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या यंत्रांच्या पोटात १३५ किलो हेरॉइन सापडलं. साडेबारा लाखांच्या देशात एका खेपेला १३५ किलो! हे काही शंभर रुपयांची पुडी विकणाऱ्या पोराचं काम नव्हे. तेव्हा निवृत्त न्यायाधीश पॉल लाम शांग लीन यांच्या आयोगाची चौकशी चालूच होती. २०१८ च्या जुलैमध्ये त्यांचा जाडजूड अहवाल आला. तुरुंगातून फोनवर धंदा कसा चालतो, न बोलावता कैद्यांना भेटायला जाणारे वकील कोण, पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकात (इथं सगळे त्याला ‘आदसू’ म्हणतात) काय बिघडलंय, सगळं त्यात होतं. ते पथकच मोडून नवी स्वतंत्र संस्था उभारा, असं आयोगाने सुचवलं. अहवालात नाव आल्यावर एका मंत्र्यांनी आणि संसदेच्या उपसभापतींनी राजीनामे दिले. पथक मात्र तसंच राहिलं. पुढं पोलिसांचं आणखी एक खास पथक निघालं, त्याच्यावर विरोधकांच्या घरात माल ‘पेरल्याचे’ आरोप झाले, आणि २०२४ मध्ये सरकार बदलल्यावर ते बरखास्त झालं. २०२५ मध्ये एकदाचा स्वतंत्र राष्ट्रीय संस्थेचा कायदा आला. शिफारशीपासून सात वर्षांनी.

आता ‘आपल्यात नाही’ याबद्दल. आमच्या भागातल्या एक काकू आहेत. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आडनाव अस्सल कोकणातलं, देव्हाऱ्यात विठोबा, घरात बोलणं क्रिओल, आरती मराठीत पाठ. मी मुलांना मराठी शिकवते म्हणून मला ‘मिस’ म्हणतात. त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा मित्राच्या गाडीत बसला होता. गाडी थांबवली, सीटखाली पुड्या निघाल्या, चौघांनाही नेलं.

इथं एक खास पद्धत आहे, ‘प्रोव्हिजनल चार्ज’. पुरावा गोळा व्हायच्या आधीच, नुसत्या संशयावर, पोलीस दंडाधिकाऱ्यापुढे तात्पुरता आरोप ठेवतात. खरं आरोपपत्र येईल तेव्हा येईल. पुड्या प्रयोगशाळेत जातात, तिथं रांग असते. तपास संपला की फाइल अभियोक्त्याकडे, तिथंही रांग. या मुलावर ‘वाटपासाठी बाळगल्याचा’ तात्पुरता आरोप होता. तीन आठवड्यांनी जामीन मिळाला. अटी अशा की रोज ठाण्यात हजेरी, रात्री घरात, आणि देश सोडायचा नाही. त्याला क्रूझ जहाजावर नोकरी मिळाली होती. इथल्या कितीतरी मुलांचं ते स्वप्न असतं. दोन वर्षं समुद्रावर राबायचं आणि येऊन घराचा वरचा मजला बांधायचा. जहाज गेलं. आता दीड वर्ष झालं, आरोपपत्र अजून नाही.

“मिस, त्याने केलं असेल तर शिक्षा द्या,” काकू म्हणाल्या. “पण काहीतरी सांगा तरी! शिक्षा झाली असती तर मी दिवस मोजले असते. आता काय मोजू?”

मी त्यांना काय सांगणार होते! रोज हजेरी द्यायची म्हणून मुलाला कुठं पूर्ण वेळ काम मिळत नाही. आणि उद्या किरकोळ बाळगल्याचा गुन्हा सिद्ध होऊन नुसता दंड झाला तरी सुटका नाही. नोकरीसाठी इथं चारित्र्याचा दाखला लागतो. जुनी माणसं त्याला फ्रेंचमध्ये ‘सर्टिफिका द मोरालिते’ म्हणतात, म्हणजे नीतीचा दाखला. बँक, हॉटेल, सरकारी खातं, पहारेकरी, सगळीकडे तो मागतात. त्यावर डाग पडला की एवढ्याशा बेटावर जायचं कुठं? मुंबईत माणूस कल्याणहून बोरिवलीला जाऊन नवं आयुष्य सुरू करू शकतो. इथं पासष्ट किलोमीटरवर समुद्र लागतो. म्हणूनच साठ वर्षांच्या आकड्यापेक्षा मला ही छोटी शिक्षा जास्त भयंकर वाटते. कायद्यात ती लिहिलेलीच नाही.

काकूंच्या घरी त्या वर्षी गणपतीला नेहमीची मंडळी आली नाहीत. कोणी मुद्दाम टाळलं असं नाही, प्रत्येकाला काही ना काही काम निघालं. आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, तुम्ही नव्या आहात, या भानगडीत पडू नका.” मला राग आला, तो अजून आहे. जन्मभर ज्यांनी ‘त्यांच्या वस्तीत’ म्हटलं, त्यांना आपल्या गल्लीतली आई दिसेनाशी झाली होती.

सगळं काळंच आहे असं नाही. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. नुसत्या वापरणाऱ्याला न्यायालयाऐवजी एका समितीपुढे पाठवून उपचार, समुपदेशन, पुनर्वसनाची संधी द्यायची, अशी सोय केली गेली. त्याच दुरुस्तीने ठरावीक आजारांत औषधी गांजालाही परवानगी मिळाली. ज्या देशाने गांजावरून कायाला कोठडीत टाकलं, त्याच्याच सरकारी रुग्णालयात आता डॉक्टरांच्या मंडळाच्या संमतीने तो औषध म्हणून मिळू शकतो. पण समितीपुढे कोणाला पाठवायचं याची सुरुवात शेवटी पोलिसांच्या नोंदीतूनच होते. तो ‘बाळगणारा’ की ‘विकणारा’, हा पहिला शब्द कोण लिहितो, त्यावर पुढचं सगळं.

मी काही मवाळ बाई नव्हे. बस थांब्यावर थिजलेला गणवेश पाहिल्यावर १३५ किलो आणणाऱ्याला कितीही वर्षं द्या, मी रडणार नाही. पण तुरुंगात गेलात तर भेटतात कोण? तिथं काम करणाऱ्या एका स्वयंसेवी बाईंकडून ऐकलेलं सांगते. पोटात गोळ्या गिळून आलेल्या मादागास्करच्या बायका, आफ्रिकेतल्या कुठल्या कुठल्या गावातून ‘कपड्यांच्या व्यापाराला’ पाठवलेल्या मुली. त्यांची मुलं तिकडं, त्या इकडं, भाषा कोणाशी जुळत नाही. ज्याने तिकीट काढून दिलं त्याचं खरं नावही त्यांना माहीत नसतं. दूरचा समुद्र ओलांडून आलेल्या बाईला पंधरा-वीस वर्षं ठेवल्याने बंदरातल्या यंत्रांची पोटं रिकामी होतात का, हे मला कोणी आकड्यांनिशी पटवून दिलेलं नाही.

येत्या डिसेंबरात माझ्या नणंदबाई मुलांना घेऊन यायच्या आहेत. त्यांना फोनवर ज्या सूचना दिल्या त्याच इथं लिहिते, कारण आपल्यापैकी प्रत्येकाकडे सुट्टीत कोणी ना कोणी येणार आहे. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या भारतात सहज मिळतात म्हणून पर्समध्ये टाकून आणायच्या नाहीत. अशा औषधांवर इथं निर्बंध आहेत. लागतच असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आरोग्य खात्याची परवानगी आधी काढायची, आणि विमानतळावर स्वतःहून सांगायचं. बॅग स्वतः भरायची, कुलूप स्वतः लावायचं. आणि ‘तिकडं आमच्या भाच्याला एवढा चिवड्याचा डबा द्या हो’ म्हणून कोणी ओळखीच्याच्या ओळखीचा विमानतळावर डबा पुढं करील, तर कितीही वाईट वाटलं तरी घ्यायचा नाही. नणंदबाईंना माझं बोलणं अति वाटलं. “अगं, चिवडाच तर असणार!” म्हणाल्या. मी म्हटलं, “असेल, वन्सं. पण तो उघडून बघणारे मोजे घातलेले असतील, आणि तुम्ही त्यांना ओळखत नसाल. चिवडा मी इथंच करून ठेवते, पोहे मिळतात.”